सत्तेचाळीस रेघा

गाडीच्या मागच्या काचेला कपाळ टेकवून एक बाई आत बघत होती. तो दोन्ही हातांत पिशव्या घेऊन दुकानातून बाहेर आला तेव्हा त्याला आधी वाटलं, आपणच चुकीच्या रांगेत आलो. पण त्या आवारात तशी दुसरी गाडी असणं शक्य नव्हतं. आवारातच काय, सगळ्या शहरात तसल्या स्टेशन वॅगन आता तीन-चार उरल्या असतील, आणि त्यांतल्या दोन त्याच्या मिस्त्रीच्या गॅरेजमागे विटांवर उभ्या होत्या, सुट्या भागांसाठी. बाईने डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना तळवे आडवे धरले होते आणि तिच्या श्वासाने काचेवर वाफेचा एक गोल धरला होता. तो जवळ जाऊन खाकरला. ती दचकली वगैरे नाही.

"ही तुमची?" तिने विचारलं.

"हो."

"मागचं डावं दार आतून उघडत नसेल."

उघडत नव्हतंच. एकोणीस वर्षांत मिस्त्रीने ते चार वेळा खोललं होतं. दर वेळी आठवडाभर उघडायचं आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तुम्हाला कसं माहीत, असं त्याने विचारलं तेव्हा ती हसली. तिशीच्या आसपासची होती, त्याच्या मुलाएवढी. "आमची होती ही," ती म्हणाली. "बाबांनी नवीकोरी घेतली होती. मी दहा वर्षांची असताना विकली. नंबर कुठला आठवायला, पण हा पोचा ओळखला मी. आजोबांनी मागे घेताना खांबाला घातली होती." तिने मागच्या बंपरवरच्या पोच्यावर हात ठेवला. त्या पोच्याची नोंद त्याच्याकडे होती. गाडी घेताना केलेल्या यादीत तो सातव्या क्रमांकावर होता.

"तुम्ही काय म्हणता हिला? आम्ही बदक म्हणायचो."

"लांबोडी," तो म्हणाला, आणि स्वतःच्या तोंडून तो शब्द ऐकून जरासा ओशाळला. मुलीने ठेवलेलं नाव. मुलगी परगावी संसारात, बायको दीड वर्षापासून तिच्याकडे, मुलगा तिसरीकडेच. ज्याला लांबोडी म्हटलेलं कळेल असं ह्या शहरात कुणी उरलं नव्हतं.

"मी एकदा मागे बसू? अगदी मागच्या सीटवर? एकच मिनिट."

नाही म्हणायला काही कारण सुचेना. त्याने डिकीचं दार वर उचललं आणि झाडूच्या दांड्याचा कापलेला तुकडा टेकूला लावला, कारण दार तोलून धरणारे दट्टे केव्हाच निकामी झाले होते आणि नवे मिळत नव्हते. डिकीच्या फळीखाली एक तिसरी सीट घडी घालून ठेवलेली होती. फळी उचलून ती उभी केली की मागे तोंड करून दोन मुलं बसू शकत, पाय डिकीच्या दाराकडे करून. गेल्या दहा-अकरा वर्षांत ती उभी करायची वेळ आली नव्हती. त्याने वरचा जॅक काढला, तेलाचा डबा, चिंध्यांची पिशवी, पाण्याचे दोन कॅन काढून जमिनीवर ठेवले. कडी गंजली होती, ती बुटाच्या टाचेने ठोकल्यावर निघाली. सीट उभी राहिली तेव्हा बंद कपाटासारखा कोंदट वास आला. बाई आत शिरली, गुडघे हनुवटीला लागले, तशी खुदकन हसली. मग वाकून डाव्या बाजूचा गालिच्याचा पट्टा बोटाने उचकटून तिने आत बघितलं.

"आहेत!" ती म्हणाली. "अजून आहेत! या, बघा."

बघायची गरज नव्हती. त्या रेघा त्याला पाठ होत्या. करड्या प्लॅस्टिकवर ओरखडलेल्या उभ्या रेघा, बोटाच्या पेरापेक्षा लहान, तीन ओळींत, पाच-पाचच्या गठ्ठ्यांनी. शेवटचा गठ्ठा दोनच रेघांचा.

"सत्तेचाळीस," ती म्हणाली. "आई गाडी शिकत होती, बाबा शेजारी बसून शिकवत होते. आणि मी इथे. गाडी बंद पडली, गचका बसला, की मी एक रेघ मारायची. सत्तेचाळीस वेळा बंद पाडली तिने. मग बहुतेक बाबांनीच नाद सोडला."

"कशाने मारल्यास?" त्याने विचारलं. त्याचा आवाज त्यालाच जरा वेगळा वाटला.

"कर्कटकाने. कंपासपेटीतलं असतं ना, दोन टोकांचं."

"कुणी रागावलं नाही?"

"कुणाला कळलंच नाही हो. वर हा पट्टा होता ना." ती उतरली, कपडे झटकले. दूरवरून कुणीतरी तिला हाक मारली, तिने हात वर करून आलेच असं सांगितलं. "फार जपलीत हो तुम्ही गाडी," ती म्हणाली, "बाबांना सांगितलं पाहिजे." आणि गाड्यांच्या रांगांमधून ती भराभर निघून गेली.

तो पुढे जाऊन बसला. किल्ली फिरवली नाही. पिशव्या शेजारच्या सीटवर होत्या. अंडी वर ठेवायची राहिली होती हे त्याच्या लक्षात आलं, पण हात हलला नाही. समोर एक माणूस दुकानाच्या ढकलगाड्यांची लांबलचक साखळी करून ओढत चालला होता. यादीत नाही, त्याअर्थी आपण घेतल्यानंतरचं. हे वाक्य त्याच्या डोक्यात सरळ उभं राहिलं, एकोणीस वर्षांपूर्वी राहिलं होतं तसंच, अगदी त्याच शब्दांत. तो बाटल्यांच्या कारखान्यात तपासनीस होता. एकतीस वर्षं. एका पांढऱ्या दिव्याच्या चौकटीसमोरून बाटल्या सरकत जायच्या आणि केसाएवढी चीर, काचेत अडकलेला बुडबुडा, मानेचा किंचित तिरकेपणा दिसला की तो ती बाटली दोन बोटांनी उचलून बाजूच्या पेटीत टाकायचा. विचार करायला वेळ नसायचा. डोळ्याला दिसायच्या आत हात पुढे गेलेला असायचा. त्याच्या नजरेतून काही सुटत नाही असं सगळे म्हणायचे, आणि आठ महिन्यांपूर्वी निरोपाच्या वेळी साहेबही तेच म्हणाले होते. गाडी घेतानाही त्याने दोन रविवार मोडले होते. टॉर्च आणि दाढीचा छोटा आरसा घेऊन तो तिच्याखाली झोपला होता, आत शिरला होता, आणि एक्केचाळीस दोषांची यादी करून ती विकणाऱ्यापुढे ठेवली होती. त्या यादीवर त्याचा मुलाबाळांएवढा विश्वास होता. पण तो गालिच्याचा पट्टा त्याने उचलला नव्हता. पट्ट्याखाली काय असणार, असं त्याला वाटलं होतं. की असं काही वाटलंही नव्हतं, नुसता राहून गेला होता?

पट्टा निघाला तो तीन महिन्यांनी, समुद्रावरून परत आल्यावर. ओले कपडे त्या बाजूला ठेवले होते, त्याने चिकटवण सुटली. रविवारी सकाळी तो डिकीतली वाळू झाडत होता आणि पट्टा हातात आला. त्याखाली रेघा. सीटच्या फटीत मुलाचं कर्कटक. मुलगा नऊ वर्षांचा होता आणि ती उलट्या तोंडाची सीट त्याची होती, कारण मोठ्या बहिणीला मागे बघत बसलं की मळमळायचं. येताना त्याने तिथे बसून भूमितीचा गृहपाठ केला होता. एवढं सगळं आपल्या आपण जुळून आलं होतं. त्याने मुलाला खाली बोलावलं.

तो ओरडला नव्हता. ह्याचा त्याला पुढे कायम अभिमान वाटत आला. इमारतीच्या अंगणात गाडी उभी होती, डिकी उघडी, मुलगा त्या सीटवर, आणि तो समोर स्टुलावर. "हे कुणी केलं?" मुलगा म्हणाला, "मी नाही केलं." "मग कुणी केलं?" "मला माहीत नाही." "खरं सांगितलंस तर मी काही करणार नाही. बोटसुद्धा लावणार नाही. फक्त खरं सांग." "मी नाही केलं, बाबा." बारा वाजता बसले होते. ऊन गाडीच्या टपावरून सरकत मुलाच्या गुडघ्यांवर आलं. त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते आणि एका सँडलचा पट्टा सुटला होता, तो लावायला मुलगा वाकला की हा म्हणायचा, "इकडे बघ. माझ्याकडे." बायको दोनदा बाल्कनीत आली. "अहो, वर या. नाही म्हणतोय ना तो." त्यावर त्याने तिला एक वाक्य ऐकवलं होतं, आणि ते त्याला इतकं आवडलं होतं की नंतर त्याने ते अनेकदा वापरलं: "प्रश्न रेघांचा नाहीच. प्रश्न खरं बोलण्याचा आहे." तीन वाजून गेल्यावर मुलाने मान खाली घातली आणि म्हणाला, "मीच केलं." तेव्हा त्याला काय वाटलं होतं? हलकं वाटलं होतं. दिव्यासमोर बाटली धरावी आणि चीर चमकावी, तेव्हा वाटतं तसं. "कशाने?" "कर्कटकाने." "कधी? येताना?" "येताना." "कशासाठी?" मुलगा सँडलच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. त्याला कारण सापडत नव्हतं. मग ह्यानेच मदत केली. "कंटाळा आला म्हणून?" "हो. कंटाळा आला म्हणून." त्याने मुलाला जवळ घेतलं, पाठीवर थोपटलं, आणि शब्द पाळला. बोट लावलं नाही. कोपऱ्यावर नेऊन आईस्क्रीम दिलं. मुलाने ते फार भरभर खाल्लं, कुणी काढून घेईल असं.

ही गोष्ट त्याने किती जणांना सांगितली असेल! शेजाऱ्यांना, कारखान्यात, मुलीच्या सासरी. निरोपाच्या भाषणातसुद्धा सांगितली. धीर धरला की दोष आपल्या पायांनी समोर येतो, असं म्हणाला होता तो, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. ढकलगाड्यांचा माणूस दुसरी साखळी न्यायला परत आला. त्याने किल्ली फिरवली. गाडी पहिल्या खेपेला सुरू झाली नाही, दुसऱ्या खेपेला झाली.

पुढचे दोन दिवस तो घरात होता. जेवण करायचा, भांडी घासायचा, बातम्या लावून न ऐकता बसायचा. खोल्या तीन होत्या आणि तो एका वेळी एकीतच असायचा, तेव्हा उरलेल्या दोन खोल्यांत आपण नसतो ही जाणीव त्याला हल्ली व्हायला लागली होती. आंघोळ करताना, कुलूप लावताना मुलगा त्याला आठवायचा, पण मोठा झालेला. कधीही वाद न घालणारा. जिन्यातली काच फुटली तेव्हा कुणी विचारायच्या आत त्याने मान खाली घालून "माझं चुकलं" म्हटलं होतं. चार दिवसांनी वरच्या मजल्यावरच्यांनी येऊन सांगितलं की आमच्या पाहुण्यांची सुटकेस लागली. तेव्हा सगळे हसले होते, हाही हसला होता. मुलाचं लग्न दोन वर्षांत मोडलं. काय झालं, असं ज्याने त्याने विचारलं आणि मुलाचं एकच उत्तर, माझंच चुकलं. मग गेल्या वर्षीचं ते प्रकरण. मुलगा एका हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत होता. दोन रुग्णांच्या रक्ताचे नमुने बदलले गेले. पुढे काही अघटित झालं नाही, वेळेत कळलं, पण चौकशी बसली आणि मुलाने पहिल्याच दिवशी लिहून दिलं की चूक माझी. आता तो सहा तासांच्या अंतरावरच्या एका लहान गावात, एका लहान प्रयोगशाळेत, एकट्याने काम करत होता. फोनवर ह्याने त्याला म्हटलं होतं, "कबूल केलंस ते उत्तम केलंस. माणूस तिथेच कळतो." मुलगा म्हणाला होता, "हो, बाबा." आपण शाबासकी देत होतो. त्याने हातातलं ताट पुन्हा एकदा घासलं. स्वच्छच होतं ते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने बायकोला फोन केला. ती मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिन्यांकरता गेली होती. सहाचे अठरा कधी झाले ह्यावर दोघं बोलत नसत. फोनवर गोळ्यांबद्दल बोलत, बाथरूमच्या गळक्या नळाबद्दल बोलत. त्याने तिला त्या बाईचं सगळं सांगितलं. मागे नातू काहीतरी आपटत होता, धप्, धप्.

"मला माहीत होतं," बायको म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"त्याने केलं नव्हतं ते. त्याच्या कर्कटकाची टोकं मोडलेली होती. दोन्ही. शाळेत मोडली होती आधीच्या आठवड्यात. मी नवं आणणार होते."

त्याने डोळे मिटले. कर्कटक सीटच्या फटीतून त्याने स्वतः उचललं होतं. स्टुलाशेजारी तीन तास ते पडलेलं होतं.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. बाल्कनीतून. टोकं बघा म्हणाले. तुम्ही हात वर केलात, थांब म्हणून."

हात वर केलेला त्याला आठवत नव्हता. त्याने आठवायचा प्रयत्न केला, आणि हात वर केलेला स्वतःचा एक आकार त्याला दिसलाही, पण तो खरोखरचा की तिने सांगितल्यामुळे दिसलेला, ते कळेना. "नंतर तरी सांगायचं," तो म्हणाला.

"नंतर तो स्वतःच म्हणायला लागला, मीच केलं. मी विचारलं त्याला, एकट्याला. मलाही तेच म्हणाला. मग मी काय बोलू?" धप् धप् थांबलं. "जेवलात का?" तिने विचारलं. तो हो म्हणाला.

शुक्रवारी त्याने गाडी मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रीने बॉनेट उघडून रेडिएटरचा वरचा पाइप दाबला आणि त्याला म्हणाला, तुम्हीच हात लावून बघा. पाइप मऊ पडला होता, एका जागी फोडासारखा फुगला होता. "नवा येत नाही ह्याचा," मिस्त्री म्हणाला. "दुसऱ्या गाडीचा कापून बसवायला लागेल. सोमवारी या. तोवर गावात फिरवा हवं तर. चढाला घालू नका."

"रविवारी लांब जायचंय. मुलाकडे."

"मग बसने जा की."

"त्याला गाडी दाखवायचीय."

मिस्त्रीने हात पुसता पुसता त्याच्याकडे बघितलं. "का? त्याने बघितली नाही होय?" मग स्वतःच्याच विनोदावर हसला, आणि हा हसत नाही म्हटल्यावर त्याने गुपचूप पाइपाला रबराची पट्टी आवळून गुंडाळली, वर दोन क्लिपा मारल्या, आणि म्हणाला, "चढावर टेंपरेचरची सुई वर गेली तर लगेच थांबा. उगाच मर्दुमकी नको."

रविवारी सकाळी सहाला तो निघाला. मागची सीट त्याने मुद्दामच तशीच उभी ठेवली होती. रस्ता मोकळा होता. गाडी सपाटीवर चांगली चालत होती, तिचे आवाज त्याला एकेक करून ओळखीचे होते; डॅशबोर्डची किरकिर, तिसरा गिअर टाकताना येणारं कण्हणं, डाव्या दाराच्या फटीतून शिरणारी वाऱ्याची शीळ. आरशात रिकाम्या सीटांच्या दोन रांगा आणि त्यांच्या पलीकडे त्या उलट्या सीटची पाठ दिसत होती. पूर्वी तिथे मुलाचं डोकं मागच्या बाजूने दिसायचं. केस कापून आणलेली मान. प्रवासभर त्याला मुलाची मान दिसायची, तोंड कधी नाही, आणि ह्याचं त्याला त्या वेळी काहीच वाटलं नव्हतं. पोचल्यावर काय म्हणायचं, ते तो मनात जुळवत होता. प्रत्येक वाक्य पहिल्या दोन-तीन शब्दांपर्यंत चांगलं वाटायचं. चौथ्या तासाला चढ लागला. सुई हलली, त्याने बघितली, आणि पुढच्या वळणापर्यंत जाऊ म्हणाला, मग त्याच्या पुढच्या. तिसऱ्या वळणावर बॉनेटखालून फस्सकन आवाज झाला आणि काच वाफेने भरून गेली.

त्याने गाडी कडेला घेतली. चाकाला दगड लावला. पाइप पट्टीच्या बाजूलाच फाटला होता. चिकटपट्टी होती, पाणी होतं, पण इंजिन निवल्याशिवाय काही करता येणार नव्हतं. सावली कुठेच नव्हती. मग त्याने डिकीचं दार उचलून दांडा लावला, दाराखाली थोडी सावली झाली, आणि तो त्या उलट्या सीटवर चढून बसला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच. गुडघे छातीशी आले. पाठीमागे सबंध गाडी होती आणि समोर चढून आलेला रस्ता, खाली खाली वळत गेलेला. इथे बसणाऱ्याला प्रत्येक झाड, प्रत्येक पूल निघून गेल्यावरच दिसत असणार. पुढे कुणी "ते बघा, ते बघा" म्हणून ओरडलं की ह्याने वाट बघायची. मुलगा कधी कुरकुरला नव्हता. त्याने डावा हात गालिच्याच्या पट्ट्याखाली घातला, रेघांवरून बोट फिरवलं, आणि दुसऱ्या हाताने फोन लावला.

"बाबा? बरं आहे ना?"

"बरंय. गाडी तापलीय. चढावर उभा आहे."

"कुठल्या चढावर?"

"तुझ्याकडे यायला निघालो होतो."

"सांगून तरी यायचं. आज माझी ड्यूटी आहे. माझं चुकलं, मीच कळवायला हवं होतं, रविवारची असते म्हणून."

"तुझं काही चुकलेलं नाही," तो म्हणाला, एकदम मोठ्याने, आणि मग गाडीत जुळवलेलं सगळं विसरून त्याने जसं घडलं तसं सांगून टाकलं. दुकान, बाई, तिची आई गाडी शिकत होती ते, सत्तेचाळीस वेळा बंद पडली ते. सांगून झाल्यावर मुलगा म्हणाला, "पण बाबा, मीच केल्या होत्या ना त्या."

"अरे, त्या बाईने स्वतः..."

"नाही, तिचा काहीतरी घोटाळा झाला असेल. मला चांगलं आठवतंय. कर्कटकाने केल्या. येताना. कंटाळा आला म्हणून."

शब्द त्याच क्रमाने आले होते. ते त्याने ओळखले. स्टुलावर बसून त्यानेच एकेक पुढे केले होते, आणि मुलाने ते घेऊन इतकी वर्षं जपून ठेवले होते. एक ट्रक घरघरत चढ चढून बाजूने गेला आणि सबंध गाडी हलली.

"टोकं मोडलेली होती त्याची," तो म्हणाला. "तुझ्या कर्कटकाची. आईला माहीत होतं. मी बघितलं नाही. माझ्या हातात होतं आणि मी बघितलं नाही."

"मग मला तो भुगा कसा आठवतो?" मुलगा म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "प्लॅस्टिकचा, पांढरा. मी फुंकर मारून उडवला होता. सीटवर पडला होता थोडा."

"माहीत नाही मला."

"मला दिसतोय तो."

"असेल," तो म्हणाला. "पण तू केल्या नव्हत्यास. तू तीन तास तेच सांगत होतास. मी ऐकलं नाही."

काचेची काहीतरी किणकिण ऐकू आली, कुणीतरी नळ्या स्टँडमध्ये लावत असावं; कुणीतरी म्हणजे मुलगाच, तिथे दुसरं कुणी नव्हतं. मग तो हसल्यासारखा श्वास सोडून म्हणाला, "मग आणखी काय काय केलं नाही मी?"

त्याचं बोट शेवटच्या रेघेवर थांबलं. "थांबा," मुलगा म्हणाला, "मला मशीन लावायचंय. रक्त फिरवायचं. दहा मिनिटं लागतील. ठेवू का फोन?"

"नको. बाजूला ठेव. मी थांबतो."

फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. झाकण पडलं, बटण, आणि मग एक गुणगुण सुरू झाली, चढत चढत बारीक झाली आणि एका सुरावर टिकली. तो ती ऐकत बसला. ह्या आवाजात मुलगा रोज दिवसभर असतो, हे त्याला माहीत नव्हतं. खालच्या वळणावरून एक सायकलवाला येताना दिसला, मान खाली घालून, उभा राहून पायडल मारत. जवळ आला, डिकीत गुडघे मुडपून बसलेल्या ह्या म्हाताऱ्याकडे त्याने बघितलं, आणि गेला. पायाला मुंग्या आल्या. इंजिनाची टिकटिक कधीच थांबली होती. उतरून पट्टी मारता आली असती, पाणी भरता आलं असतं. पण उतरायचं तर फोन खांद्यात धरायला लागला असता, आणि तो सुटेल, तुटेल अशी त्याला भीती वाटली. मशीनचा सूर उतरायला लागला. उतरत उतरत जाड झाला, थांबला. झाकण उघडलं.

"आहात का?"

"आहे."

"बाबा, ते नमुने बदलले ना. गेल्या वर्षी." मुलगा हळूहळू बोलत होता, अंधारात जिना उतरावा तसा. "त्या सकाळी मी टेबलावर होतो, असं मी लिहून दिलं. मला तसंच आठवत होतं. अजूनही आठवतंय. पण त्या दिवशी मला खोलीची किल्ली द्यायला जायचं होतं, जुन्या घरमालकाकडे. मी तिथून गेलो होतो. म्हणजे उशिरा पोचलो असणार. बहुतेक."

तो सीटवर ताठ झाला. विचारायचे प्रश्न त्याच्या तोंडात तयार होते, ओळीने. किल्ली किती वाजता दिलीस? घरमालकाने सही घेतली का? पोचलास तेव्हा टेबलावर कोण होतं? चांगले प्रश्न होते ते, नेमके. एकतीस वर्षांत त्याचा हात एवढा पटकन पुढे गेला नसेल. त्याने ओठ मिटून घेतले.

"बहुतेक," मुलगा पुन्हा म्हणाला. "थांबा हं. मला जरा आठवून बघू द्या."

"बघ," तो म्हणाला. "सावकाश बघ."

आणि तो काही न विचारता फोन कानाशी धरून बसून राहिला.